कुणाची हरकत असल्यास

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

सप्रेम सलाम. तुझं पत्र पोचलं. आई आणि मी बरे आहोत. तुम्ही दोघीही बऱ्या असाल अशी प्रार्थना करतो. ‘तुम्ही दोघी’ असं मी पहिल्यांदाच लिहितोय. अक्षर जरा हललं असेल तर बोटं थंडीने आखडलीत असं समज.

इथे आठवडाभर धुकं आहे. सकाळी कारखान्यात जाताना पूल अर्धाच दिसतो. उरलेला अर्धा आपण चालत जाऊ तसतसा पायाखाली तयार होतो. कारखान्यात शिरलं की बाहेरचं धुकं संपतं आणि लोकरीचं सुरू होतं. ब्लँकेटांवरून काट्यांचे रूळ फिरतात, त्यातून उडालेली लव दिवसभर उजेडात तरंगत असते. खाली यायचं तिच्या मनातच नसतं. माझं टेबल अजून त्याच उत्तरेच्या खिडकीशी आहे. ब्लँकेट तिरक्या फळीवर ओढायचं, उजेडापुढे धरायचं, तुटलेला धागा बोटाने शोधायचा आणि रफू करायचं. कधी कधी सुई चालू असते आणि मी तिथे नसतोच. कुठे असतो ते विचारू नकोस, मलाही सांगता येणार नाही. परत येतो तेव्हा भोक बुजलेलं असतं.

आईचा खोकला कमी आहे. तू कवळ्या करायला शिकलीस तेव्हा तिला करून दिलेले दात अजून घट्ट बसतात. मध्यंतरी एक कोपरा हिरडीला लागत होता. मी म्हटलं, इथल्या दवाखान्यात घासून घेऊ. तर म्हणाली, “ज्याने केलेत त्यानेच हात लावायचा.” ज्याने! तू घर सोडल्यापासून सहा वर्षांत तुझं नाव तिच्या तोंडात आलेलं नाही, पण त्याच तोंडात तुझ्या हातचे दात आहेत. हे मी एकदा तिला बोलून दाखवलं. म्हणाली, “दात दातांच्या जागी.” मग अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

दोन बायकांना किंवा दोन पुरुषांनाही लग्न नोंदवता येईल असा नवा कायदा झाला, ते तुला माझ्याआधी कळलं असणार. इथे तो झाल्यापासून चर्चच्या पायरीवर दुसरा विषय नाही. शेवटी बुधवारी पाळकसाहेबांनी मागच्या खोलीत मंडळीची सभा घेतली. चहा होता. छत्रीवाले काका (ऊन असो, पाऊस असो, छत्री सोडत नाहीत ते, पंचांमधले सर्वांत जुने) आधी बोलले.

“आज कचेरीत, उद्या वेदीपुढे. पाणी घरात कुठून शिरतं ते आधी कळत नाही.”

पाळकसाहेब म्हणाले, “कायदा सरकारचा, वेदी आपली. सरकारने आपल्याला काहीच करायला सांगितलेलं नाही.”

“अजून.”

रविवार शाळेच्या बाई विणत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “का हो काका, घटस्फोटाचा कायदा आला तेव्हा कशी अशी सभा झाली नाही? तुमच्या पुतण्याने तर त्याचा लगेच फायदा घेतला.”

“पुतण्या चुकलाच.”

“चुकला. पण जेवायला तुमच्याकडेच असतो.”

सगळे हसले. काकांनी मात्र सरळ उत्तर दिलं, आणि ते मला आवडलं हे कबूल करतो. “जेवायला कोणीही या. मी ताटाबद्दल बोलत नाही बाई, लग्नाबद्दल बोलतोय. एखाद्या शब्दाला तरी त्याचा अर्थ राहू द्या की.”

बेकरीवाला म्हणाला, “मला माझ्या पोरीच्या लग्नाचं बघू द्या. बाकीच्यांचं देव बघेल.”

मग सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, विचार करतोय. काका म्हणाले, “तुमचा विचार होईपर्यंत ब्लँकेटाला कसर लागेल.”

तुझा विषय कोणी काढला नाही. बोलणारा प्रत्येक जण साखरेच्या डब्याकडे बघून बोलत होता. त्यावरूनच मी ओळखलं की सगळ्यांच्या मनात तूच आहेस.

राहता राहिला तुझा प्रश्न. अठ्ठावीस मार्चला विवाह नोंदणी कचेरीत तुझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून मी सही करीन का? तो मी वाचला आहे. त्यावर पुढच्या पत्रात सविस्तर लिहितो. तारीख तशी अजून लांब आहे.

तुझ्या बसवालीला, म्हणजे तिला, माझा सलाम सांग. सांगावासा वाटला तर. एवढी मोठी बस ती गर्दीतून कशी काढते याचं मला नवल वाटतं, हेही सांग.

तुझा,
दादा


रविवार, २३ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

सलाम. तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. “दादा, मी तुला धुक्याबद्दल विचारलं नव्हतं.” टोला बरोबर बसला. लहानपणीही तू कमी बोलायचीस आणि नेमकं पोटात मारायचीस.

तेव्हा आता सरळ लिहितो.

कायद्याचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. आपली गावची शाळा आठवते? अख्ख्या वर्गात प्रभूचं नाव घेणारी आपण दोघंच. सकाळी सगळ्यांना एकच प्रार्थना असायची, आणि ती आपली नव्हती. मी नुसते ओठ हलवायचो. तू मागच्या ओळीत चप्पल शोधायचं सोंग करायचीस. मग ते उंच, तोतरे गुरुजी आले. पहिल्याच दिवशी म्हणाले, ज्याने त्याने आपल्या देवाला घरून नमस्कार करून यायचं, इथे फक्त पाढे. गावात केवढा गदारोळ झाला. आई मात्र त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून म्हणाली, “भला माणूस. कोणाचाच देव वर्गात बसवला नाही, म्हणून तुम्हालाही बसायला जागा झाली.”

ते वाक्य मी या महिन्यात पुष्कळदा घोळवलं. सरकार म्हणजे तो वर्ग. तिथे आपण थोडे होतो तेव्हा आपल्याला जागा हवी होती. आता त्याच वर्गात माझा देव बसवा आणि माझ्या बहिणीला बाहेर उभं करा, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? कायदा झाला ते बरं झालं. छत्रीवाल्या काकांनाही मी हे सांगितलं. ते म्हणाले, “वर्गाचं ठीक आहे. घरचं काय?”

तिथेच माझं अडतं.

लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, हे मी ऐकत आलो, वाचत आलो, लोकांना मोठ्याने वाचून दाखवत आलो. तो माझ्या अंगातला उभा धागा आहे. दुसऱ्याच्या ब्लँकेटातला धागा कसा काढायचा ते मला येतं. हा ओढला तर कुठपर्यंत उसवेल ते मला खरंच माहीत नाही. तू म्हणशील, दादा, तुला लोकांची भीती वाटते की देवाची? मला त्या दोन्ही सुट्या करून बघता येत नाहीत. ज्या बाकावर देव भेटला त्याच बाकावर ही माणसं बसलेली होती.

पंचांनी मला बोलावलं होतं. प्रेमाने बोलले, आवाज कोणी चढवला नाही. म्हणाले, ज्याच्याकडे चर्चमधली सेवा आहे त्याने अशा नोंदणीत सही करू नये. लग्नाला जा, बहीण आहे तुमची, पण सही नको. माझ्याकडची सेवा म्हणजे वाचन. दर रविवारी उपासनेत उभं राहून शास्त्र वाचणं. बाकी माझ्याजवळ काय आहे, खारे? बायको गेली, मूल झालं नाही, दिवसभर मी गप्प असतो. त्या एका तासात माझा आवाज मला ऐकू येतो.

म्हणून असं ठरवलंय. मी येईन. मागच्या खुर्चीवर बसेन. सही तू दुसऱ्या कोणाची घे.

लिहीत होतो तेव्हा हे बरंच समजूतदार वाटत होतं. आता वाचून पाहिलं तर तसं वाटत नाही. तरी पाठवतो, नाहीतर पुन्हा धुक्याबद्दल लिहीन.

दादा


सोमवार, १७ मार्च

प्रिय खारूताई,

तुझं उत्तर आलं नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं. पण हे पत्र पूर्ण वाच. मध्येच ठेवलंस तरी पुन्हा उचल.

आपल्याकडे लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारतात ते तू विसरली नसशील. नवऱ्याचं नाव, त्याच्या आईबापांचं, मग नवरीचं, तिच्या आईबापांचं. ज्यांचं नाव येतं ते घर तिथल्या तिथे उभं राहतं, म्हणजे मंडळीला कळतं अभिनंदन कोणाचं करायचं. मग विचारायचं, कुणाची हरकत असल्यास आता सांगावी. हे पुकारणं माझ्याकडे असतं. कागदात बघून पुकारणं मला आवडत नाही. लोकांच्या लेकराबाळांची नावं, ती मान वर करून घ्यावीत. म्हणून आठवडाभर मी टेबलाशी बसून नावांची तालीम करतो. सुई आत, एक नाव. सुई बाहेर, दुसरं नाव. चुकीचं नाव गेलं तर एखाद्या घराला मान खाली घालावी लागेल, ही भीती.

या वेळी बेकरीवाल्याची मुलगी आणि तिचा सुतार, तिसरी वेळ. नावं तोंडात बसलेली होती. आणि आता सांगतो ते मी पाळकसाहेबांनाही आधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या पाठोपाठ मी तुमचीही घेऊन बघत होतो. तुझं आणि तिचं. नुसतं ऐकून बघायला. खिडकीत लव तरंगत होती, यंत्रांच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार होतं? कशी वाटतात शेजारी शेजारी, एवढंच बघायचं होतं. तिच्या आईबापांची नावं तू पूर्वी एका पत्रात लिहिली होतीस, तीही घातली. चांगली वाटली. मग सवय झाली.

नऊ तारखेला चर्चमध्ये धुकं आतपर्यंत आलं होतं. मागचे बाक दिसत नव्हते, नुसती डोकी तरंगताना दिसत होती. मी सुतार आणि बेकरीवाल्याच्या मुलीची नावं घेतली. दोन्ही घरं उभी राहिली, बसली. आणि माझा आवाज थांबला नाही. तो पुढे चालत गेला आणि मी त्याच्या मागून, झोपेत कोणाचं तरी बोट धरून चालावं तसा. तिचं नाव आलं. तिच्या बापाचं, तिच्या आईचं. तुझं आलं. आपल्या बाबांचं आलं. आईचं नाव माझ्याच तोंडून ऐकलं तेव्हा मी जागा झालो.

पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, पडणाऱ्या माणसाकडे बघावं तसे. आणि तिसऱ्या बाकावर आई उठायला लागली. पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून, आधी वाकून, मग अर्धी, मग पूर्ण. उभी राहिली. पदर नीट केला. माझ्याकडे बघितलं, आता पुढचं विचार, अशा नजरेने.

मी विचारलं. पुढे दुसरं काही येतच नाही मला. “यास कुणाची हरकत असल्यास त्याने आता सांगावी.”

छत्रीवाले काका उठले. “माझी हरकत आहे,” म्हणाले. आवाज शांत होता. एवढंच बोलून उभे राहिले. त्या धुक्यात ते दोघंच उभे, आई आणि काका, मध्ये चार बाक. पाळकसाहेब म्हणाले, “ऐकली, काका. बसा. मावशी, तुम्हीही बसा.” काका बसले. आई गीत संपल्यावर बसली, कारण गीताला सगळेच उठले होते आणि मग सगळेच बसले.

बाहेर पडताना पायरी ओली होती. काकांनी येऊन आईला हात दिला.

“हरकत मी मागे घेतलेली नाही बरं का, मावशी.”

“नका घेऊ,” आई म्हणाली. “हात तेवढा घट्ट धरा.”

घरी जाताना आम्ही पुलावर आलो. मीच विचारलं, “आई, तू का उठलीस?”

“म्हणजे? तू माझ्या लेकीचं नाव घेतलंस. माझं घेतलंस. बसून राहू?”

“मग तुला पटलंय?”

“मला काय पटायचंय. नाही पटलं. ते माझं मी देवाला सांगीन.” जरा पुढे गेल्यावर म्हणाली, “तिच्याकडचं कोणी उठलं नाही.”

“ते इथले कुठे आहेत, आई? आणि तिची आई वारली.”

“हं,” म्हणाली.

बुधवारी पाळकसाहेब आले. चहा घेतला, आईशी हवेच्या गप्पा मारल्या, मग मला अंगणात नेलं. भला माणूस आहे. म्हणाले, “जीभ घसरली, झालं. येत्या रविवारी तिथूनच एक वाक्य सांगा. चुकून वाचलं गेलं, ते धरू नये. पंच ऐकतील, काकाही ऐकतील. वाचन तुमच्याकडेच राहील.”

आणि ते खरंच होतं, खारे. चुकूनच वाचलं होतं. एक खरं वाक्य बोलायचं आणि सगळं परत जागच्या जागी. मी हो म्हणालो.

मग चार दिवस ते वाक्य सुईबरोबर घेऊन बघितलं, नावं घेतो तसं. चुकून वाचलं गेलं, ते धरू नये. दर वेळी डोळ्यांपुढे आई यायची, बाकाची पाठ धरून अर्धी उठलेली. मी चुकलो म्हणालो की ती उगाच उठली असं होतं. सहा वर्षांनी एका बाईने सगळ्यांच्या देखत आपल्या मुलीसाठी उभं राहावं आणि मुलाने वरून म्हणावं, बस, चूक झाली होती.

काल उपासनेत मी वाचनाच्या चौथऱ्यावर गेलो. म्हणालो, “गेल्या रविवारी दोन नावं माझ्या तोंडून चुकून गेली. ती इथे पुकारायची नव्हती, मंडळीचा नियम मला माहीत आहे, तो मोडल्याबद्दल माफी मागतो. पण नावं मी परत घेत नाही.” मोठं पुस्तक मिटून जागेवर ठेवलं, खूण नीट सरळ केली आणि खाली येऊन आईशेजारी बसलो. मग रविवार शाळेच्या बाईंना पाळकसाहेबांनी वाचायला बोलावलं. छान वाचतात बाई. शेवटचे शब्द जरा गिळतात, पण ते होईल.

शास्त्राचा अर्थ मला उलगडला असं समजू नकोस. तुझ्या लग्नाला देव काय म्हणतो हे मला अजून ऐकू आलेलं नाही. मी विचारतो रोज. काकांशी मी भांडलेलो नाही. काल ते माझ्या शेजारीच बसले होते आणि गीताचं पान मला त्यांनीच काढून दिलं. पण इतकं मला दिसलं की मी दुसऱ्यांच्या मुलींची नावं मान वर करून घेत होतो आणि माझ्या बहिणीचं यंत्रांच्या आवाजात लपवून. मागच्या पत्रात लिहिलेलं ते मागच्या खुर्चीचं विसर.

आई येणार आहे. मी विचारलं नव्हतं. आज सकाळी दात धुता धुता तिनेच विचारलं, “त्या कचेरीत नाव पुकारतात का?” मी म्हटलं, पुकारत असतील. “मग उभं राहावं लागेल.” थोड्या वेळाने म्हणाली, “त्या मुलीला आई नाही म्हणालास ना? मग तिचं पुकारतील तेव्हाही मला उठवायचं. मला नीट ऐकू येत नाही, तू खूण कर.”

तेव्हा तिकडे जाऊन एवढं बघून ठेव की पुढच्या रांगेत तिला धरायला काही आहे का. कचेरीत नुसत्या खुर्च्या असतात, बाक नसतो. काही नसलं तरी चालेल. तिच्यासमोर मी उभा राहीन, ती माझा खांदा धरेल.

माझं पूर्ण नाव तिथे, सहीच्या जागी लिहीन. इथे नुसता,

तुझा दादा